कुलपातला वार्षिकांक

नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्याच्या राजधानीत, फ्रँकफर्ट शहरातल्या केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात, छापखान्याकडून ‘द थरोब्रेड’ या विद्यार्थ्यांच्या वार्षिकांकाचे गठ्ठे येऊन उतरले. प्रती सुमारे दोन हजार. हे विद्यापीठ १८८६ साली कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेले. त्या अंकात १९९२ ते १९९४ अशी दोन शैक्षणिक वर्षे एकत्र बांधली होती आणि बहुतेक सगळे काम एका विद्यार्थिनी संपादिकेने जवळजवळ एकटीने ओढले होते. विद्यार्थी व्यवहार पाहणाऱ्या उपाध्यक्षांनी अंक चाळला आणि तो त्यांना पसंत पडला नाही. मुखपृष्ठ जांभळे होते, विद्यापीठाचे रंग मात्र हिरवा आणि सोनेरी. अंकाचे सूत्र ‘मुक्काम अज्ञात’ अशा अर्थाचे होते, तेही त्यांना खटकले. बऱ्याच छायाचित्रांना फोटोओळी नव्हत्या. देशातल्या घडामोडींची आणि नामवंतांची छायाचित्रे मात्र भरपूर होती. अंक विद्यापीठाच्या दर्जाला साजेसा नाही असे ठरले आणि सगळे गठ्ठे कुलूपबंद झाले. ज्या विद्यार्थ्यांनी ८० डॉलरचे सक्तीचे उपक्रम शुल्क भरले होते आणि ज्यांना त्या शुल्कातून हा अंक मिळायचा होता, त्यांच्या हाती तो पडलाच नाही.

दोन विद्यार्थी न्यायालयात गेले. ‘किनकेड विरुद्ध गिब्सन’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला सहा वर्षे रेंगाळला. खालच्या न्यायालयाने विद्यापीठाची बाजू उचलून धरली. अपिलात तीन न्यायाधीशांच्या पीठाचाही कौल १९९९ साली बहुमताने तसाच पडला. जानेवारी २००१ मध्ये सहाव्या सर्किटच्या (न्यायालयीन विभागाच्या) अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मात्र हा निकाल फिरवला. न्यायालयाने दोन गोष्टी बारकाईने पाहिल्या. एक म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे लिखित धोरण. त्यानुसार अंकाचा मजकूर ठरवण्याचा अधिकार विद्यार्थी संपादकांचा होता. सल्लागाराने सल्ला द्यायचा होता, मजकूर बदलायचा नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे वार्षिकांकाचे स्वरूप. हे वर्गात लिहून घेतलेले आणि गुण देऊन तपासलेले लेखन नव्हते. प्रौढ विद्यार्थ्यांनी आपल्या काळाची केलेली ती नोंद होती. म्हणून ‘द थरोब्रेड’ हा मर्यादित का होईना, सार्वजनिक मंच ठरला आणि आवडला नाही म्हणून तो दडवून ठेवणे घटनाबाह्य ठरले. पुढे तडजोड झाली. विद्यापीठाने दोघांना प्रत्येकी ५,००० डॉलर आणि वकिलांच्या खर्चापोटी ६०,००० डॉलर दिले, अंक मोकळे केले. तोपर्यंत ज्यांची छायाचित्रे त्या पानांवर होती ते पदवी घेऊन कधीच पांगले होते.

विद्यार्थी पत्रकारितेच्या स्वातंत्र्याची चर्चा बहुधा संपादकाच्या टेबलाभोवती फिरते: त्याने काय लिहावे, किती धाडस दाखवावे, मर्यादा कुठे पाळावी. केंटकीचे प्रकरण वेगळी गोष्ट दाखवते. तिथे कोणी संपादिकेच्या हातातून लेखणी काढून घेतली नाही, एकाही ओळीवर लाल शाई फिरली नाही. अंक पूर्ण झाला, छापला गेला, आणि मग थांबला तो गोदामाच्या दाराशी. त्याच विद्यापीठात विद्यार्थी प्रकाशनांचे काम पाहणाऱ्या समन्वयक बाईंना पदावरून हलवून कारकुनी कामावर बसवले गेले. वृत्तपत्राच्या मजकुरात ढवळाढवळ करायला त्या तयार नव्हत्या हे कारण होते असे विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. बाईंनी दाद मागितल्यावर त्या मूळ जागी परतल्या. माझ्या मते या विषयाची खरी मेख इथेच आहे. विद्यार्थी प्रकाशनाचे स्वातंत्र्य घटनेत आणि धोरणाच्या कागदात लिहिलेले असतेच, पण ते टिकते किंवा तुटते छपाईचे बिल कोण फेडतो, छापखान्याला फोन कोण करू शकतो, गठ्ठ्यांची किल्ली कोणाकडे आहे आणि सल्लागाराचा पगार कोणाच्या सहीने निघतो, यावर. या सगळ्या जागा एकाच हातात असतील तर संपादकाला मिळालेला अधिकार कागदावरच राहतो.

ही प्रकाशने आली कुठून, हेही पाहू. येल कॉलेजात १८०६ साली पदवी घेऊन निघालेल्या वर्गातल्या काही जणांच्या व्यक्तिचित्रांचा एक संग्रह तयार झाला. अमेरिकेतला पहिला महाविद्यालयीन वार्षिकांक म्हणून त्याचा उल्लेख होतो. छायाचित्रे त्यात अर्थातच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर छायाचित्रांचे आल्बम निघू लागले, आणि शतकाच्या अखेरीस हाफटोन ठशांमुळे मजकुराच्या पानावरच छायाचित्र छापणे परवडू लागल्यावर आजच्या वार्षिकांकाचा साचा पक्का झाला. वृत्तपत्रांचा जन्मही याच शतकातला. हार्वर्डचे ‘क्रिम्सन’ १८७३ साली ‘मॅजेंटा’ या नावाने निघाले, येलचे ‘येल डेली न्यूज’ जानेवारी १८७८ मध्ये, कॉर्नेलचे ‘डेली सन’ १८८० मध्ये. दैनिक चालवणे म्हणजे वर्ग, परीक्षा आणि प्रबंध सांभाळून रोज संध्याकाळी बातमी घेणे, रात्री पाने लावणे, मुद्रितशोधन करणे आणि सकाळी चुकीची दुरुस्ती छापायची तयारी ठेवणे. वार्षिकांकाची शिस्त याच्या उलट असते. त्याची पाने फर्म्यांत बांधलेली असतात, सहसा सोळा-सोळा पानांच्या. कोणत्या पानावर काय येणार याचा आराखडा वर्षाच्या सुरुवातीलाच करावा लागतो. छापखान्याच्या मुदती ठरलेल्या असतात आणि एक फर्मा गेला की त्यातली चूक कायमची राहते. दैनिकातली चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. वार्षिकांकातले चुकलेले नाव पन्नास वर्षांनी कोणाचा तरी नातू वाचतो.

दोन्हींचा खर्चही वेगळ्या वाटेने भागतो. दैनिकाला पूर्वी आवाराभोवतीची दुकाने, भाड्याच्या खोल्यांचे मालक, खाणावळी आणि नोकरभरती करणाऱ्या कंपन्या जाहिराती देत. वार्षिकांकाला आगाऊ विक्री, पदवीधरांच्या छायाचित्रांतून येणारे पैसे, पालकांच्या शुभेच्छा-जाहिराती आणि विद्यार्थी शुल्कातला वाटा लागतो. मोठ्या आकाराचे, जाड कागदाचे, रंगीत, पक्क्या बांधणीचे पुस्तक काही हजार प्रतींत काढणे हा महाग व्यवहार आहे आणि त्याचा करार बहुतेक वेळा विद्यापीठाच्या नावाने होतो. म्हणूनच वार्षिकांक दैनिकापेक्षा प्रशासनाच्या जास्त जवळ सरकतो. तो निरुपद्रवी, भावुक आठवणींचा ठेवा आहे असा समजही त्याला मारक ठरतो. ज्याला गंभीर मानले जात नाही त्याच्या हक्कांची काळजी कोणी करत नाही. माझ्या दृष्टीने वार्षिकांक हे वृत्तपत्राचेच मंद गतीचे रूप आहे. वृत्तपत्र काल काय घडले ते नोंदवते, वार्षिकांक एका पिढीने स्वतःकडे कसे पाहिले ते नोंदवतो. दोन्ही नोंदी ज्यांनी तो काळ जगला त्यांच्याच हातून व्हायला हव्यात.

छापखान्याच्या फोनचा मुद्दा २००० साली इलिनॉय राज्यातल्या गव्हर्नर्स स्टेट युनिव्हर्सिटीत उभा राहिला. ‘इनोव्हेटर’ या विद्यार्थी वृत्तपत्राने प्रशासनावर आणि काही प्राध्यापकांवर टीका केली होती. तिथल्या एका डीनबाईंनी संपादकांशी वाद घातला नाही. त्यांनी छापखान्याला कळवले की आम्ही मजकूर पाहून मान्यता दिल्याशिवाय यापुढचा अंक छापू नका. छापखान्याचा मालक व्यवसाय करतो. ज्याच्याकडून बिल चुकते होते त्याचा शब्द त्याला मोडता येत नाही. वृत्तपत्र थांबले. संपादकांनी केलेला ‘होस्टी विरुद्ध कार्टर’ हा खटला २००५ साली सातव्या सर्किटच्या पूर्ण पीठासमोर फसला. न्यायालयाने आधार घेतला तो १९८८ च्या ‘हेझलवूड’ निकालाचा. मिझुरीतल्या एका हायस्कुलाच्या वृत्तपत्रातून मुख्याध्यापकांनी किशोरवयीन गर्भारपण आणि आईवडिलांचा घटस्फोट या विषयांवरच्या लेखांसकट दोन पाने काढून टाकली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य मानले होते. त्या निकालाने महाविद्यालयांचा प्रश्न मुद्दाम मोकळा सोडला होता. सातव्या सर्किटने तोच दंडक पदवीच्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपर्यंत आणून ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली या प्रकरणात हात घालायला नकार दिला. इलिनॉयच्या विधिमंडळाने मात्र स्वतंत्र कायदा करून राज्यातल्या सार्वजनिक महाविद्यालयांची प्रकाशने विद्यार्थ्यांचा मंच ठरवली आणि छपाईपूर्व तपासणीला बंदी घातली. १ जानेवारी २००८ पासून तो लागू झाला. एका राज्यात कुलूप तोडणारा न्यायालयाचा शब्द, शेजारच्या राज्यात फोन केला तरी चालेल असाही न्यायालयाचाच शब्द. अमेरिकेत विद्यार्थी संपादकाचे हक्क असे सर्किटच्या सीमेवर बदलतात, हे त्या देशाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कीर्तीकडे पाहता मला फार अस्वस्थ करणारे वाटते.

मजकुराचा अधिकार विद्यार्थ्यांकडे ठेवण्यावरचा पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. विद्यापीठ पैसे देते, जागा देते, नाव देते. मग प्रकाशक म्हणून शेवटचा शब्द त्याचा का नसावा? कोणत्याही वृत्तपत्राचा मालक संपादकाला थांबवू शकतोच. याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. सार्वजनिक विद्यापीठ हा खासगी मालक नसतो. ती शासनसंस्था असते, आणि शासनाने टीकाकाराचा कागद अडवणे याला जगभर सेन्सॉरशिपच म्हणतात. शिवाय हा पैसा बहुतेक वेळा विद्यापीठाचा नसतोच. तो विद्यार्थ्यांनी भरलेल्या शुल्काचा असतो. विद्यापीठ त्याचे विश्वस्त असते. १९९५ साली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विद्यार्थी शुल्कातून प्रकाशनांना मदत करायची ठरवल्यावर एखाद्या अंकाचा दृष्टिकोन पटत नाही म्हणून त्याला वगळता येणार नाही. तिथे प्रश्न ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाचा होता, प्रशासनावरच्या टीकेचा नव्हता; पण तत्त्व तेच. खासगी विद्यापीठांना हे घटनात्मक बंधन नाही. तिथे आक्षेपात दम आहे, आणि म्हणूनच तिथली जुनी वृत्तपत्रे विद्यापीठापासून कायद्याने वेगळी झाली. ‘क्रिम्सन’ला स्वतःची इमारत आहे. ‘स्टॅनफर्ड डेली’ १९७३ मध्ये स्वतंत्र झाले.

त्याच वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाचे ‘ॲलिगेटर’ही बाहेर पडले, आणि त्याची हकिकत जास्त बोलकी आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये संपादकाने गर्भपाताची सोय असलेल्या ठिकाणांची यादी द्यायचे ठरवले. तेव्हा फ्लोरिडात गर्भपाताची माहिती छापणेही एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याने गुन्हा होता. विद्यापीठाने यादी छापू दिली नाही. मग ती सायक्लोस्टाइल करून अंकात सुटी घालण्यात आली. संपादकाला अटक झाली, आणि न्यायालयाने तो जुना कायदाच घटनाबाह्य ठरवला. विद्यापीठाच्या अध्यक्षांना वृत्तपत्रावर ताबा हवा होता. तो कायद्याने मिळेना, तेव्हा १९७३ मध्ये वृत्तपत्र विद्यापीठापासून तोडण्यात आले. म्हणजे विद्यार्थ्यांना स्वातंत्र्य मिळाले ते जागा आणि मदत गमावून. तरीही ते दैनिक स्वतःच्या जाहिरातींवर उभे राहिले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. छापखान्याने आणि कार्यालयाने जे दार बंद केले ते सायक्लोस्टाइलच्या एका कागदाने उघडले, पण रोजचे काम चालवायला स्वतःची तिजोरीच लागली.

दुसरा आक्षेप वयाचा. एकोणीस-वीस वर्षांची मुले चुका करतील, कोणाची बदनामी करतील, आणि भरपाई विद्यापीठाला द्यावी लागेल. चुका होतात यात वाद नाही. पण भरपाईचे भय उलट दिशेला नेते. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनच्या ‘पाइप ड्रीम’ या विद्यार्थी वृत्तपत्रात खोट्या सह्यांचे बदनामीकारक पत्र छापले गेले. ज्यांच्या नावे ते छापले होते त्यांनी राज्यावर दावा केला. १९८१ च्या ‘मझार्ट’ खटल्यात न्यायालयाने राज्याला जबाबदार धरले नाही, कारण राज्यघटनेमुळे विद्यापीठाला त्या वृत्तपत्राच्या मजकुरावर नियंत्रण ठेवताच येत नव्हते. ज्याच्या हाती लगाम नाही त्याला दोष कसा द्यावा, असा तो तर्क. पत्र खरे कोणी लिहिले याची खातरजमा न करण्यात संपादकांचा निष्काळजीपणा झाला, हे न्यायालयाने मानले. तेव्हा छपाईआधी प्रत्येक पान वाचणारे प्रशासन स्वतःला सुरक्षित करत नाही, ते स्वतःवर जबाबदारी ओढवून घेते. मुलांना बदनामीचा कायदा शिकवणारा, रात्री अकरा वाजता शंका विचारली तर फोन उचलणारा, पण शेवटी ‘निर्णय तुमचा’ म्हणणारा सल्लागार हाच चुकांवरचा खरा उपाय आहे. अशा माणसाची नोकरी सुरक्षित असली पाहिजे.

आणि ही मुले काय करू शकतात याचे पुरावेही समोर आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून ‘स्टॅनफर्ड डेली’च्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विद्यापीठाचे अध्यक्ष, नामवंत मज्जाशास्त्रज्ञ मार्क टेसिए-लव्हीन यांच्या नावावरच्या शोधनिबंधांतील प्रतिमांबद्दल एकामागून एक बातम्या दिल्या. विश्वस्तांनी नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने चौकशी केली. अध्यक्षांनी स्वतः प्रतिमांमध्ये फेरफार केला असे समितीला आढळले नाही. पण त्यांच्या निबंधांत इतरांनी फेरफार केलेली माहिती होती आणि चुका लक्षात आल्यावर त्यांनी त्या पुरेशा तत्परतेने सुधारल्या नाहीत, असा निष्कर्ष निघाला. जुलै २०२३ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. हे वृत्तपत्र विद्यापीठाच्या तिजोरीवर चालत असते, त्याचा छपाईचा करार अध्यक्षांच्या कार्यालयाच्या सहीने होत असता, तर ही मालिका छापली गेली असती का? मला तसे वाटत नाही. धाडस त्या विद्यार्थ्याचे होते. ते पानावर उतरू शकले पन्नास वर्षांपूर्वी झालेल्या एका हिशेबाच्या फारकतीमुळे.

वार्षिकांकाच्या बाबतीत आणखी अवघड आक्षेप आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हर्जिनियाचे तत्कालीन गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या १९८४ च्या वार्षिकांकातले त्यांचे पान देशभर झळकले. त्यावर कृष्णवर्णीयांची टिंगल म्हणून तोंड काळे रंगवलेला एक आणि कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेच्या वेशातला दुसरा अशा दोघांचे छायाचित्र होते. नॉर्थम यांनी आधी माफी मागितली, नंतर त्या छायाचित्रात आपण नव्हतोच असे सांगितले; महाविद्यालयाने नेमलेल्या चौकशीतही ती माणसे कोण हे ठरले नाही. अशा वेळी कोणीही विचारेल: हेच का ते विद्यार्थ्यांचे स्वातंत्र्य? कोणी वडीलधाऱ्याने पाने पाहिली असती तर हा विखार छापला गेला नसता. छापला गेला नसता हे खरे. पण तो त्या आवारात होता, पार्ट्यांमध्ये होता, आणि पस्तीस वर्षांनी त्याबद्दल कोणाला काही विचारताही आले नसते. मुद्रितशोधनात पुसलेला वंशद्वेष नाहीसा होत नाही, फक्त त्याचा पुरावा नाहीसा होतो. म्हणून मी असे म्हणत नाही की काहीही छापावे. अशा पानाला त्याच वर्षी आवारात उघड विरोध व्हायला हवा होता, वृत्तपत्रात त्यावर लिहिले जायला हवे होते, संपादकांना जाब द्यावा लागायला हवा होता. प्रकाशनानंतरचा जाब आणि प्रकाशनाआधीची कात्री यांत जो फरक आहे, तो इथे सगळ्यात महाग पडतो आणि तरीही सोडता येत नाही.

आता माझ्याच मताला बाधणारी बाजू. आर्थिक फारकत हा उपाय मानला, तर छपाईच्या जाहिराती आटल्यावर काय? मागच्या दोन दशकांत अनेक विद्यार्थी दैनिके आठवड्यावर आली. पर्ड्यू विद्यापीठाचा १८८९ पासूनचा ‘डेब्रिस’ हा वार्षिकांक २००८ मध्ये बंद पडला. तो कोणी जप्त केला नव्हता, घेणारे उरले नव्हते. स्वतंत्र वृत्तपत्राला मरण्याचेही स्वातंत्र्य असते. मात्र विद्यापीठाच्या पंखाखाली जाणे हा त्यावरचा उपाय नाही, हे २०२५ च्या शरद ऋतूत इंडियाना राज्यात स्पष्ट दिसले. इंडियाना विद्यापीठाचे ‘इंडियाना डेली स्टुडंट’ १८६७ पासूनचे. संपादकीय स्वातंत्र्य त्याच्याकडे होते, पण त्याची तूट विद्यापीठाच्या हिशेबात पडत होती. ऑक्टोबरमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठीच्या छापील अंकात बातम्या नकोत, फक्त मेळाव्याचा मजकूर हवा, असा आदेश आला. विद्यार्थी माध्यमांच्या संचालकांनी तो विद्यार्थ्यांवर लादायला नकार दिला. त्यांना काढून टाकण्यात आले आणि छापील आवृत्तीच बंद करण्यात आली. कारण खर्चाचे देण्यात आले. मग प्रतिस्पर्धी पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, ज्यांचे ‘एक्स्पोनंट’ विद्यापीठापासून वेगळे आहे, एक विशेष अंक छापून तो इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन शहरात नेऊन वाटला. टीका इतकी झाली की महिनाअखेरीस इंडियानाने छपाईला पुन्हा परवानगी दिली. ‘एक्स्पोनंट’ची स्थितीही सुखाची नाही, त्याच वर्षी पर्ड्यूने त्यांच्या वितरणाला करत असलेली मदत थांबवली होती. पण अडचणीत असलेले स्वतंत्र वृत्तपत्र दुसऱ्यासाठी अंक छापू शकले, आणि सांभाळले गेलेले वृत्तपत्र स्वतःचा छापू शकले नाही.

राहिला आजचा प्रश्न, की सगळे मोबाइलवर असताना छापील वृत्तपत्राची आणि वार्षिकांकाची मातब्बरी काय. ॲन आर्बर शहराचे दैनिक ‘ॲन आर्बर न्यूज’ जुलै २००९ मध्ये बंद पडले, तेव्हा शहरात छापून निघणारे एकमेव दैनिक उरले ते मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे ‘मिशिगन डेली’. नगरपरिषदेच्या बैठकीला बातमीदार म्हणून विशीतली मुले बसू लागली. बातमी कागदावर वाचली जाते की पडद्यावर, हा दुय्यम भाग आहे. बैठकीला कोणीतरी बसले पाहिजे आणि त्याचे नाव बातमीवर असले पाहिजे. वार्षिकांकाला कागदाचे महत्त्व जास्त आहे. समाजमाध्यमांवरची खाती बंद होतात, कंपन्या विकल्या जातात, छायाचित्रे कोणाच्या फोनमध्ये आहेत हे दहा वर्षांनी कोणालाच ठाऊक नसते. ग्रंथालयाच्या मांडणीवरचा अंक तिथेच असतो. नॉर्थम यांचे पान सापडले ते म्हणूनच.

महाराष्ट्रात हा विषय परका नाही. आपल्या महाविद्यालयांतून वार्षिक अंक निघतात, मराठी, हिंदी, इंग्रजी विभाग वेगवेगळे असतात, विद्यापीठे उत्कृष्ट अंकांच्या स्पर्धा भरवतात, आणि अनेक मराठी लेखकांचे पहिले छापील अक्षर अशाच अंकात उमटले आहे. ही मोठी परंपरा आहे. पण अंक हातात घेतला की पहिली पाने सहसा संस्थाचालकांच्या छायाचित्रांची, पाहुण्यांच्या स्वागताची आणि प्राचार्यांच्या मनोगताची असतात. संपादक म्हणून प्राध्यापकांचे नाव असते आणि विद्यार्थी ‘विद्यार्थी प्रतिनिधी’ असतात. मागची पाने विभागांच्या अहवालांनी भरलेली, कारण महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीसमोर ठेवायला तो पुरावा म्हणून लागतो. मधल्या पानांत कविता असतात, कथा असतात, प्रवासवर्णने असतात. वसतिगृहातल्या पाण्याबद्दल, रखडलेल्या शिष्यवृत्तीबद्दल, न भरलेल्या प्राध्यापकांच्या जागांबद्दल क्वचितच काही सापडते. मुलांना ते लिहायचे नसते असे मी मानत नाही. भित्तिपत्रकाला छपाईचे बिल नसते, तरी तिथेही हा मजकूर फारसा येत नाही, कारण काचेच्या चौकटीची किल्ली विभागप्रमुखांकडे असते. याला अपवाद आहेत. पवईच्या आयआयटीत ‘इनसाइट’ हे विद्यार्थी चालवतात आणि संस्थेच्या कारभाराबद्दलही लिहितात.

आपल्याकडे अमेरिकेसारखा खटल्यांचा इतिहास नाही, पण आधार आहे. राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मधले अभिव्यक्तिस्वातंत्र्य विद्यार्थ्याला प्रवेशद्वाराशी ठेवून यावे लागत नाही, आणि शासकीय विद्यापीठ हे कलम १२ च्या अर्थाने ‘राज्य’च आहे. पैशाचीही बाजू तीच आहे: बऱ्याच महाविद्यालयांत प्रवेशाच्या पावतीवर नियतकालिकाच्या शुल्काची वेगळी ओळ असते. ती रक्कम विद्यार्थ्यांची आहे. म्हणून सुरुवात खटल्याने करायची गरज नाही. त्या शुल्काचा जमाखर्च त्याच अंकात छापावा. संपादक म्हणून विद्यार्थ्याचे नाव आणि सल्लागार म्हणून प्राध्यापकाचे नाव जावे. छापखान्याशी पत्रव्यवहार संपादक मंडळाने करावा. आणि मजकूर नाकारला तर नाकारणाऱ्याने कारण लेखी द्यावे. विद्यापीठांच्या अंक-स्पर्धांत मुखपृष्ठाला आणि मांडणीला गुण असतात. संपादन विद्यार्थ्यांनी केले का, हिशेब छापला का, यालाही गुण ठेवले, तर पुढच्या जूनमध्ये अंकाची पहिली बैठक बोलावताना प्राचार्यांनाच ते विचारात घ्यावे लागेल.